दर सात महिन्यांनी ब्रेक का? २४० दिवसांचा आकडा नोकरीला काय करतो

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुमचा धाकटा भाऊ आयटीआय फिटर. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सहा वर्षं आहे. दर सात महिन्यांनी त्याला ‘ब्रेक’ देतात आणि पंधरा दिवस-महिन्याभरात परत बोलावतात. या सहा वर्षांत तीन कंत्राटदार बदलले, मशीन तेच राहिलं. शेजारच्या मशीनवरचा पर्मनंट माणूस तेच काम करून कितीतरी जास्त पगार नेतो. आणि गावी आई-वडील म्हणतात, पोरगा एका जागी टिकत नाही. चूक कुणाची आणि कायदा काय म्हणतो, असं तुम्ही विचारलंय.

मी कामगार कायद्याचा सल्लागार आहे. रोजचं काम म्हणजे कंत्राटदारांची पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) यांची चलनं भरणं, मस्टर म्हणजे हजेरीपट आणि पगारपत्रकं तपासणं, निरीक्षक आले की फायली घेऊन बसणं. अधूनमधून कामगारही कागद घेऊन येतात, त्यांचेही बघतो. त्यामुळे ब्रेकची यादी कशी तयार होते हे मी जवळून पाहिलंय. सुपरवायझरच्या रागलोभाशी तिचा फारसा संबंध नसतो. एक्सेलमध्ये रुजू होण्याच्या तारखेपुढे सात महिन्यांनंतरची तारीख पडलेली असते. ती जवळ आली की ओळ लाल होते, आणि महिन्याच्या शेवटी त्या ओळीतल्या माणसाचा गेटपास जमा करून घेतात. तुमचा भाऊ किती चांगला फिटर आहे, हे लिहायला त्या तक्त्यात रकानाच नाही. हे आई-वडिलांना नक्की सांगा.

कायदा म्हणजे भांडण झाल्यावर जायची जागा, असं आपण समजतो. मला रोज दिसतं ते वेगळं आहे. कामाचे महिने किती, सुट्टी कधी, कार्डावर नाव कुणाचं, हे सगळं कायद्यातल्या आकड्यांकडे बघून ठरवलेलं असतं. मालकानं कायदा मोडला म्हणून कामगाराचे हाल झाले, असं होतंच. पण त्यानं कायदा बारकाईनं वाचला म्हणून झालेले हालही काही कमी नाहीत.

तुमच्या भावाच्या बाबतीत तो आकडा २४०. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ (नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेला) याप्रमाणे बारा महिन्यांत २४० दिवस भरले की एक वर्षाची सलग सेवा धरतात. त्यानंतर माणूस कमी करायचा तर कलम २५-एफ खाली महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराएवढी भरपाई द्यावी लागते. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांतलं, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या सरकारी नमुना नियमांतलं, ४-सी हे कलम त्याहून पुढं जातं. बदली (दुसऱ्याच्या जागी घेतलेल्या) किंवा तात्पुरत्या कामगारानं मागच्या बारा महिन्यांत एकूण २४० दिवस भरले तर त्याला कायम करायचं, असं ते सांगतं. कारखाने कायद्यातली पगारी रजा २४० दिवसांवरच अडलेली होती. ग्रॅच्युइटीचं वर्षही साधारण तसंच मोजतात.

आता हिशेब करा. या मोजणीत साप्ताहिक आणि पगारी सुट्ट्याही धरायच्या, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या प्रकरणात सांगितलं. म्हणजे आठ महिने पुरे झाले की २४२-२४५ दिवस होतात, उंबरठा ओलांडला जातो. सात महिने कुठूनही मोजा, २१२ ते २१५ च्या पुढं जात नाहीत. सात महिन्यांचा मुहूर्त तिथून आला. काही ठिकाणी सहा महिन्यांचा असतो, तिथं एचआरचा माणूस जरा जास्त घाबरट, एवढंच.

पण ४-सी मध्ये ‘एकूण’ २४० दिवस म्हटलंय. सात महिने काम, पंधरा दिवस घरी, परत काम, असं एकाच मालकाकडे चालू राहिलं तर कुठल्याही बारा महिन्यांत अकरा-साडेअकरा महिने भरतात. म्हणजे नुसत्या छोट्या ब्रेकनं २४० चुकत नाहीत. हे कंपनीच्या वकिलांनाही कळतं. म्हणून ब्रेकच्या जोडीला कागद बदलतो. नवा कंत्राटदार, नवं नेमणूकपत्र, नवा कर्मचारी क्रमांक, कधी कधी विभागाचं नावसुद्धा नवं. ब्रेक कामगाराला दिसतो म्हणून तो ब्रेकवर चिडतो. खरी मेख कागदात असते.

ही पद्धत एका दिवसात आलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार रोज सकाळी गेटवर उभा राहायचा. कोणी गैरहजर असेल तर आत, नसेल तर घरी. काही जणांची उमर त्यात गेली. महाराष्ट्रानं १९७१ मध्ये कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा केला, आमच्या बोलण्यात ‘एमआरटीयू-पल्प’. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली सहावी बाब जणू तुमच्या भावाकडे बघूनच लिहिली आहे: कायम कामगाराचा दर्जा आणि फायदे मिळू नयेत या हेतूनं माणसांना बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरतं म्हणून वर्षानुवर्षं ठेवणं ही अनुचित प्रथा. याच कायद्याच्या जोरावर औद्योगिक न्यायालयात जाऊन कायम झालेले कामगार तुम्हाला पुणे, नाशिक, ठाणे पट्ट्यात भेटतील. राज्याराज्यांच्या कायद्यांत हा चांगलाच धारदार होता.

मग कंपन्यांनी तात्पुरते कामगार स्वतःच्या पटावर घेणं कमी केलं आणि कंत्राटदार मध्ये आणला. २००१ हे साल इथं लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या एका वर्षात सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल आले. कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या दोन प्रकरणांत न्यायालय म्हणालं की ‘हा माझा कामगारच नाही’ असं कंपनी म्हणत असेल, तर एमआरटीयू-पल्पखाली तक्रार चालणार नाही. आधी औद्योगिक विवादाच्या मार्गानं नातं सिद्ध करून या. आणि स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात ठरलं की कंत्राटी पद्धत बंद करण्याचा आदेश निघाला तरी कामगार आपोआप मूळ कंपनीचा होत नाही. कंत्राट नुसतं दाखवायला होतं हे सिद्ध झालं तरच होतो. सहाव्या बाबीची धार गेली नाही. मात्र तिच्यापर्यंत पोचायला एक दरवाजा वाढला, आणि त्या दरवाज्यात कामगाराची पाच-सात वर्षं सहज जातात.

पुढच्या पिढीला ‘ट्रेनी’ केलं. शिकाऊ उमेदवारांच्या १९६१ च्या कायद्यात शिकाऊ म्हणजे प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. मागच्या दशकात ‘नीम’ या प्रशिक्षण योजनेखालीही मुलं लाईनवर उभी राहिली, पगाराऐवजी विद्यावेतनावर. आज पुण्याजवळच्या कुठल्याही मोठ्या लाईनवर जा, एकाच जॉबला हात लावणारी तीन-चार प्रकारची माणसं दिसतील: कंपनी पेरोल, कंत्राटी, शिकाऊ, ट्रेनी. बऱ्याच ठिकाणी आयकार्डाच्या फितीचा रंगही वेगळा. कामात फरक नाही, कायद्याच्या कुठल्या खणात कोणाला बसवलंय तेवढाच.

५० चा आकडाही असाच. कंत्राटी कामगार कायदा, १९७० मुळात वीस माणसांपासून लागू होता. महाराष्ट्रानं २०१७ पासून तो पन्नासवर नेला. त्यानंतर पन्नासच्या अलीकडे थांबणारे कंत्राटदार वाढले. एकाच माणसाच्या दोन फर्म, दुसरी बायकोच्या नावानं, दोन्हीकडे चाळीस-पंचेचाळीस माणसं, आणि हजेरी घेणारा मुकादम एकच. कामगाराला फक्त एवढंच दिसतं की या महिन्यात बँकेत पैसे दुसऱ्याच नावानं आले.

हा झाला आकड्यांचा खेळ. माणसाचं काय होतं ते तुम्ही घरात बघताच आहात. बँक गृहकर्जाला नोकरीचा सलग दाखला मागते, स्थळ बघायला आलेले पहिला प्रश्न ‘पर्मनंट आहे का’ हाच विचारतात, खोलीमालक ब्रेकच्या महिन्यात भाड्यासाठी दारात उभा राहतो. पण मला विचाराल तर सर्वांत मोठा परिणाम कारखान्याच्या आत होतो. ब्रेकनंतर परत बोलावणं हा हक्क नाही, मर्जी आहे. आणि ती मर्जी कुणाची, हे सात महिने प्रत्येकाच्या डोक्यात असतं. त्यामुळे माणूस रजा मागत नाही. ओव्हरटाइमला नाही म्हणत नाही. गार्ड काढलेल्या प्रेसवर हात घालायला सांगितलं तर घालतो.

बोट सापडलं तर काय होतं, ते जरा सविस्तर सांगतो. ईएसआयमध्ये कामावरच्या अपघाताला किती दिवस भरले याची अट नाही. पहिल्या दिवशी जखम झाली तरी बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के रोख मिळतात. कायद्यातली ही सर्वांत स्वच्छ तरतूद म्हणावी लागेल. पण त्यासाठी अपघाताचा अहवाल जायला हवा. अहवाल गेला की नोंद झाली, नोंद झाली की चौकशी. म्हणून सुपरवायझर गोड बोलून खासगी दवाखान्यात नेतो, टाके घालून देतो, ‘पंधरा दिवस घरी थांब, हजेरी लावतो’ म्हणतो. पोरगा खूश होतो, कारण त्याचं लक्ष पुढच्या बोलावण्याकडे. वर्षभरानं बोट वाकत नाही म्हणून तो कायमच्या अपंगत्वाची भरपाई मागायला जातो, तेव्हा कागदावर अपघातच झालेला नसतो. हे मी एकदा-दोनदा पाहिलेलं नाही, नेहमीचं आहे. भावाला एवढं सांगून ठेवा: मार लागला तर त्याच दिवशी ईएसआयच्या दवाखान्यात जायचं आणि ‘कामावर लागलं’ असंच सांगायचं.

ईएसआयचीच आणखी एक गोष्ट, जी कामगार तर सोडाच, कंत्राटदारांच्या कारकुनांनाही धड माहीत नसते. आजारपणाची रोख रक्कम, म्हणजे पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, ही वर्गणीच्या दिवसांवर मिळते. एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी लागते, आणि तिचा लाभ पुढच्या जानेवारी-जून किंवा जुलै-डिसेंबरमध्ये. जुना नंबर चालू असलेल्याला हे जमून जातं. पण जो माणूस विम्यात पहिल्यांदाच आला, त्याचा पहिला लाभ-कालावधी नोकरी लागल्यापासून नऊ महिन्यांनी सुरू होतो. आता बघा: कंत्राटदार बदलला, कारकुनानं जुना विमा क्रमांक न विचारता नवाच काढला, तर यंत्रणेच्या लेखी तुमचा भाऊ पुन्हा पहिल्यांदाच आला. लाभ नवव्या महिन्यानंतर, ब्रेक सातव्याला. दरमहा ०.७५ टक्के कापून जातात आणि टायफॉइड झाला तर हातात शून्य. कोणी मुद्दाम केलेलं नाही, नुसता आळस. पण फटका खरा आहे. सहा वर्षांत त्याचे एकाहून जास्त विमा क्रमांक निघालेत का, ते आजच बघा. शिवाय जो आजारपणाच्या लाभाला पात्र आहे, त्याला त्या काळात औषधोपचारही मिळतात, मध्ये ब्रेक असला तरी. ब्रेकमध्ये आजारी पडलेले कित्येक जण हे माहीत नसल्यानं स्वतःच्या खिशातून खर्च करतात.

पीएफचंही तसंच. ब्रेक मिळाला की खोलीचं भाडं द्यायला पोरं पीएफ काढतात, आणि सोबत १०-सी हा फॉर्म भरून पेन्शनचा भागही काढतात. रक्कम किरकोळ असते. पण पेन्शनला दहा वर्षांची वर्गणीची सेवा लागते, आणि १०-सी वर पैसे घेतले की आधीची मोजणी पुसली जाते. सात-सात महिन्यांचे तुकडे एकाच यूएएनखाली, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकाखाली, जोडत गेलं तर ते साठतात. दर वेळी काढून घेतलं तर माणूस पंचविसाव्या वर्षीही शून्यावर आणि पस्तिसाव्या वर्षीही शून्यावर. गरज पडली तर पीएफला हात लावू दे, पेन्शनला लावू देऊ नका. त्या फॉर्मवर पैशांऐवजी योजना प्रमाणपत्र मागता येतं, म्हणजे आधीची सेवा मोजणीत राहते.

इथं मला एक फरक दाखवायचाय, कारण सगळं त्यावर फिरतं. जो हक्क पहिल्या दिवसापासून दिवसागणिक साठतो, त्याला ब्रेकनं फार धक्का लागत नाही. पीएफ साठतो. बोनस वर्षात ३० दिवस काम केलं की लागू होतो, किमान ८.३३ टक्के, जेवढं काम तेवढ्या प्रमाणात. (भावाला दिवाळीला ब्रेक होता म्हणून बोनस दिला नसेल, तर तो मागता येतो. पगाराची मर्यादा मात्र महिना २१,००० आहे.) याउलट जो हक्क एक रेघ ओलांडल्यावर एकदम मिळतो, त्या रेघेच्या अलीकडेच माणसाला थांबवतात. कायमपणा २४० वर, ग्रॅच्युइटी पाच वर्षांवर. कंत्राटदार दर दोन वर्षांनी बदलला की पाच वर्षं कुणाकडेच भरत नाहीत.

याचा दुसरा नमुना आपल्याच राज्यात आहे आणि तो १९६९ चा आहे. माथाडी कायदा. वाशीच्या बाजारात पोती उचलणारा माथाडी दिवसात चार व्यापाऱ्यांचा माल उतरवतो. त्याचा मालक कोण, हा प्रश्न कायद्यानं विचारलाच नाही. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, माथाडी मंडळात भरतात, मंडळ टोळीच्या हिशेबानं पगार वाटतं, आणि पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार हे सगळं मंडळाकडे कामगाराच्या नावावर साठतं. व्यापारी बदलला तरी मोजणी तुटत नाही. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या चळवळीचं हे फळ. माथाडीत सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. वाराईवरून, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीवरून, होणारी भांडणं, माथाडीच्या नावाखाली चालणारी खंडणी, याबद्दल उद्योजक बोलतात ते बरंचसं खरं आहे. पण हक्क आस्थापनेला न बांधता माणसाला बांधला की ब्रेक देण्यात मालकाचा फायदाच उरत नाही, एवढं त्या कायद्यानं दाखवून दिलं. फिटरसाठी असं मंडळ का नसावं, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

आता तुमच्या भावापुढचे मार्ग. मी वकील नाही, न्यायालयात उभा राहत नाही, त्यामुळे हे वकिलाकडे जाण्याआधीचं समजा.

सर्वांत अवघड गोष्ट सिद्ध करण्याची आहे. २४० दिवस भरले हे आधी कामगारानं दाखवायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये हदिमणी प्रकरणात सांगितलं. पुढं २००५ च्या येल्लट्टी प्रकरणात थोडा दिलासा मिळाला: कामगारानं शपथेवर सांगून मस्टर मागवलं आणि मालकानं ते आणलंच नाही, तर न्यायालय त्याचा विचार करू शकतं. तरी हातात काही असावंच लागतं. पीएफच्या पोर्टलवरची सेवा-नोंद हा सर्वांत पक्का पुरावा, कारण त्यात प्रत्येक कंत्राटदाराचं नाव आणि रुजू-सोडल्याच्या तारखा असतात आणि त्या त्यांनीच भरलेल्या असतात. त्याच्या जोडीला बँकेचं सहा वर्षांचं स्टेटमेंट.

पण हे दोन्ही कागद एवढंच सांगतात की तो कंत्राटदारांकडे होता. कंत्राट दाखवण्यापुरतं आहे हे सांगायला वेगळे कागद लागतात. काम कोण सांगतं, रजा कोण मंजूर करतं, चूक झाली तर मेमो कोण देतं, कंत्राटदार बदलला तरी माणसं तीच राहिली का, हे न्यायालय बघतं. म्हणून शिफ्टचं वेळापत्रक टाकणारा कंपनीच्या सुपरवायझरचा व्हॉट्सअॅप ग्रुप डिलीट करू नका. कंपनीनं दिलेलं सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, त्याच्या सहीचा प्रॉडक्शन शीट, कँटीनचं कार्ड, जुन्या गेटपासचा फोटो, सगळं ठेवा. गेटपास जमा करण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढायला दहा सेकंद लागतात, आणि शंभरातले नव्वद जण काढत नाहीत. कारखान्यात फोन नेऊ देत नसतील तर गेटबाहेर काढा.

कायमपणाची लढाई एकट्यानं लढू नये. तिला संघटना लागते, कित्येक वर्षांचा धीर लागतो, आणि त्या काळात पुढचं बोलावणं येणार नाही हे गृहीत धरावं लागतं. तिशीतला, घरी पैसे पाठवणारा एकटा माणूस त्यात भरडला जातो. मी कुणालाच ‘जा कोर्टात’ असं सहज सांगत नाही. जिथं तीस-चाळीस जण एकत्र आले आणि ब्रेकच्या आधीच वकिलाकडे गेले, तिथं अंतरिम आदेशासाठी अर्ज करता येतो, आणि आहे त्यांना कमी करू नका असा आदेश मिळाला तर चित्र पालटतं. ब्रेक होऊन गेल्यावर जाणं म्हणजे निम्मी बाजी हरूनच बसणं. एमआरटीयू-पल्पच्या तक्रारीला घटनेपासून ९० दिवसांची मुदत आहे, तीही बहुतेकांची ‘बोलावतील, बोलावतील’ म्हणत निघून जाते.

पगारातला फरक हा त्यातल्या त्यात जवळचा मुद्दा. कंत्राटी कामगार कायद्याच्या नियमांत परवान्याची अटच होती की मूळ कंपनीच्या कामगारासारखंच काम असेल तर वेतन आणि सोयीही तशाच हव्यात. काम सारखं आहे की नाही हे कामगार आयुक्त ठरवतात. कंपन्या इथं मशीनच्या नावात, ग्रेडमध्ये फरक दाखवतात. तरी अर्ज करण्यासारखा मुद्दा आहे. ओव्हरटाइमचं तर अगदीच सरळ आहे. दुप्पट दरानं द्यायचा असतो. भावाच्या स्लिपवर तो ‘अटेंडन्स इन्सेंटिव्ह’ किंवा ‘इतर भत्ता’ म्हणून एकेरी दरानं येतोय का बघा. आणि कंत्राटदार पळून गेला, पगार बुडवला, पीएफ भरला नाही, तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते. हे पत्र लिहून मागितलं की बऱ्याचदा न्यायालयात न जाताही पैसे सुटतात, कारण कंपनीला गेटवर गोंधळ नको असतो.

नव्या संहितांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी विचारेलच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक विवाद कायदा, स्थायी आदेशांचा कायदा, कारखाने कायदा, कंत्राटी कामगार कायदा हे सगळे त्यांत गेले. एमआरटीयू-पल्प राज्याचा कायदा आहे, रद्द झालेल्यांच्या यादीत तो नाही. दोन्हींचा मेळ कसा बसतो हे वकिलाला विचारा. भावाची सहा वर्षं बहुतांशी जुन्या कायद्याच्या काळातली आहेत, हे त्याला ठळकपणे सांगा.

काही गोष्टी खरंच बऱ्या झाल्यात. प्रत्येकाला नेमणूकपत्र सक्तीचं. नोकरी सुटली की दोन कामाच्या दिवसांत हिशोब. पगारी रजेसाठी २४० ऐवजी १८० दिवस. हा शेवटचा बदल सात महिन्यांच्या ब्रेकवाल्याला थेट उपयोगी आहे. दुसऱ्या बाजूला स्थायी आदेशांची सक्ती आता ३०० कामगारांपासून पुढं. महाराष्ट्रात ती पन्नासवर होती. म्हणजे ज्या ४-सी चं मी वर एवढं कौतुक केलं, तसल्या नियमांची सावली मधल्या आकाराच्या कारखान्यांवरून सरकली. आणि मुदतीच्या नेमणुकीला, ज्याला फिक्स्ड टर्म म्हणतात, सगळीकडे वाट मोकळी झाली. त्यात पगार आणि सोयी कायम कामगारासारख्या, ग्रॅच्युइटी एका वर्षाच्या सेवेवर. कागदावर हे कंत्राटी असण्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे, आणि मी माझ्या ग्राहकांना तेच सुचवतो. पण रेघ पाच वर्षांवरून एक वर्षावर आली, रेघ गेली नाही. अकरा महिन्यांच्या नेमणूकपत्रांबद्दल मला आत्तापासूनच फोन येऊ लागलेत.

पुढचा ब्रेक मार्चअखेर आहे म्हणालात. त्याआधी एका रविवारी भावाला यूएएनचं पोर्टल उघडायला सांगा आणि तीन गोष्टी बघा. तिन्ही कंत्राटदारांच्या नोंदी एकाच यूएएनखाली आहेत का. प्रत्येक जुन्या नोंदीत सोडल्याची तारीख भरलेली आहे का, कारण ती नसेल तर रक्कम पुढच्या खात्यात वळवता येत नाही. आणि वडिलांचं नाव, जन्मतारीख आधारप्रमाणेच आहे का. यांत काही चुकलं असेल तर कंत्राटदाराचा माणूस गेटवर येतोय तोवर त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या. कंत्राट संपलं की तो फोन उचलत नाही. सेवा-नोंदीची प्रिंट काढून तुमच्याकडे गावी ठेवा, त्याच्या खोलीवर नको.